नाटकाचा हंगाम

डिसेंबरात गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. गावात सांस्कृतिक सभागृह बांधायचं आहे, नोकरीवर असलेल्या प्रत्येक मुलानं अकरा हजार द्यावेत. खाली यादी होती. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्यांची नावं सगळ्यात वर, आणि त्यात माझं तिसरं.

पैसे द्यायला हरकत नव्हती. मी अडलो ते मेसेजमधल्या एका वाक्यापाशी : 'आपल्या गावाला नाटकाची परंपरा आहे, ती जपण्यासाठी.' ही परंपरा आमच्या घरी माळ्यावर गुंडाळून ठेवलेली आहे. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आमचं गाव. माझे आजोबा गावच्या नाटक मंडळीत पेटी वाजवायचे. बाबा पंधराव्या वर्षी तिथंच स्त्रीपार्टी झाले, म्हणजे लुगडं नेसून नायकाची बहीण. माळ्यावर आहे तो त्या मंडळीचा पडदा : राजवाड्याचे खांब, मधे कारंजं, खाली रंगाऱ्याची सही. अर्धा उंदरांनी नेला. उरलेला अर्धा सोयाबीन काढणीच्या वेळी ताडपत्री कमी पडली की खाली येतो, एवढंच त्याचं काम.

गावातलं शेवटचं नाटक माझ्या जन्माच्या काही वर्षं आधी झालं. म्हणजे मी परंपरा असलेल्या गावात वाढलो आणि नाटक पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात, ऑनलाइन तिकीट काढून.

आमच्या कामात एक सवय लागते. चालू असलेली सिस्टीम बंद पडली की आधी नवीन सर्व्हर मागायचा नसतो. आधी विचारायचं, बंद पडण्याच्या अगोदर काय बदललं? सभागृह म्हणजे नवीन सर्व्हर. पण नाटक बंद पडलं तेव्हाही गावात सभागृह नव्हतं आणि चालू होतं तेव्हाही नव्हतं. मग बदललं काय?

नदीच्या अल्याड, नदीच्या पल्याड

हा प्रश्न मला आणखी एका कारणानं छळत होता. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर माझा रूममेट वडशाकडचा होता, गडचिरोली जिल्ह्यातला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वेळेवर कधी परतायचा नाही. विचारलं की म्हणायचा, "नाटक होतं गावात." आम्हाला वाटायचं थापा मारतो. तो थापा मारत नव्हता. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि तिथं दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत. आज या गावात, उद्या त्या गावात, जवळजवळ रोज. सरकारी अनुदानावर नाही, तिकीट लावून.

तोही विदर्भ, आम्हीही विदर्भ. मधे वर्धा नदी.

गंमत म्हणजे ही नदी नाटकाच्या इतिहासात फार आधी येऊन गेली आहे. कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' हे हलकंफुलकं, राजवाड्यातल्या लपाछपीचं नाटक. त्यातली मालविका ही विदर्भाची राजकन्या, ओळख लपवून विदिशेच्या राणीकडे दासी म्हणून राहिलेली. शेवटी अग्निमित्राचं सैन्य विदर्भ जिंकतं आणि राज्य दोन चुलतभावांत वाटून दिलं जातं. हद्द कोणती? वरदा, म्हणजे आपली वर्धा. एका विनोदी नाटकात विदर्भाचे दोन तुकडे झाले.

पुढे इतिहासानंही तीच रेघ गिरवली. नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड, निजामाचा मुलूख, जो 1853 च्या तहानं इंग्रजांच्या कारभारात गेला. पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचं राज्य. तिसऱ्या रघूजींना वारस नाही म्हणून तेही इंग्रजांनी गिळलं. दोन्हीकडे साहेब एकच, तरी एकत्र कारभार सुरू व्हायला 1903 उजाडलं. आमचं वाशीम तेव्हा वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होतं. 1905 मध्ये ते अकोल्यात विलीन झालं आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा जिल्हा झालं. मी जिल्ह्यापेक्षा वयानं थोडा मोठा आहे, हे मी उगाच सगळ्यांना सांगत असतो.

जानेवारीत चार दिवस सुट्टी टाकली आणि रूममेटकडे निघालो. समृद्धी महामार्गावर वर्धा नदी कधी ओलांडली ते कळलंसुद्धा नाही. नागपूरनंतर उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. मग वैनगंगेचा पूल आणि वडसा.

बांधीतलं थिएटर

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गोंदिया ते चंद्रपूर रेल्वेवरचं हे स्टेशन. गडचिरोलीसारख्या मोठ्या जिल्ह्याला वर्षानुवर्षं रेल्वेचा आधार होता तो एवढाच. बाजार इथं, गाड्या इथं, म्हणून नाटक कंपन्यांची ऑफिसंही इथंच. एका रस्त्यावर ओळीनं पाट्या. आत टेबल, भिंतीवर पोस्टर आणि तारखांची वही. गावातलं मंडळ येतं, तारीख धरतं, रक्कम ठरवतं. मंडप मंडळाचा, तिकीटविक्री मंडळाची, नफा झाला तर मंडळाचा आणि खड्डा पडला तर तोही मंडळाचाच. नफ्यातून गावाची कामं होतात.

रूममेटच्या मामाच्या गावी त्या रात्री नाटक होतं. धान कापून झालेल्या बांधीत थिएटर उभं होतं. बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. पुढे स्टेज, आणि प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खोदलेली, म्हणजे मागच्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही. हा उतार पुण्यातल्या एका नाट्यगृहात मला मिळाला नव्हता.

दहानंतर पडदा उघडला. भावकीतलं शेतीचं भांडण, दारूत बुडालेला थोरला, घर धरून ठेवणारी सून. माझ्या शेजारच्या काकू पहिल्या अंकातच पदरानं डोळे पुसायला लागल्या. आणि बरोबर त्याच वेळी विनोदी नट विंगेतून असा काही घसरत आला, की त्याच काकू मला धरून हसायला लागल्या. पेटी आणि तबला समोरच. नट स्वतः गात होते. पुण्यात ज्याला 'संगीत नाटकाचं पुनरुज्जीवन' म्हणतात, ते इथं कुणी पुरलंच नव्हतं.

विनोदी आणि गंभीर असे दोन वेगळे खेळ इथं होत नाहीत, एकाच रात्रीत दोन्ही लागतात. कारण सोपं आहे. तिकीट काढून आजी, सून, कॉलेजचा पोरगा आणि दोन वर्षांचं लेकरू असे सगळे एकाच सतरंजीवर बसतात. विनोदी नटाला इथं दुय्यम मान नसतो. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे विनोदी भूमिकांसाठीच घराघरांत पोचले, लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मामांनी हे सांगताना जणू घरातल्याच कुणाला मिळाली असा आवाज लावला.

रात्री दोनला मला पेंग यायला लागली. मी विचारलं, हे एवढं उजाडेपर्यंत कशाला? मामा म्हणाले, "लवकर संपलं त मानसं जातीन कुठं जी? पाच-दहा गावची मानसं हायेत. रस्त्यानं जंगल, जंगलात वाघ. उजेडल्यावर घरी जातीन."

मी डोळे चोळत सरळ बसलो. ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या वाघांच्या बातम्या मी मोबाइलवर वाचल्या होत्या. नाटकाची लांबी त्यांच्यावरही ठरत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

हंगाम कशावर उभा आहे

दुसऱ्या दिवशी गावात कुणी जागं नव्हतं, पण प्रत्येक घरी पाहुणे होते. लग्न झालेल्या मुली माहेरी आल्या होत्या. मामींनी सांगितलं, नाटकाला आलेल्या पाहुण्यांत मुलगी-मुलगा दाखवून कितीतरी सोयरिकी जमतात. मी अविवाहित आहे हे कळल्यावर माझी उलटतपासणीही झाली.

संध्याकाळपर्यंत मी माझ्या सवयीनं वहीत रकाने पाडले. हा हंगाम कशावर उभा आहे?

पहिलं, मोकळी जमीन. धान एकदा कापलं की बहुतेक बांध्या रिकाम्या. ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकलं तर फेकलं, त्याला रात्रंदिवस राखण लागत नाही. दुसरं, पैसा. धान विकून वर्षाची रक्कम एकदम हातात येते. तिसरं, रिकामी माणसं. चौथं, पाहुणे यायला निमित्त. पूर्वी ते निमित्त शंकरपटाचं असे. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. त्याआधीपासून दिवाळीनंतरची दंडार होती, खडीगंमत होती. नाटकानं हीच मळलेली वाट धरली. शंभराहून जास्त वर्षांची ही परंपरा सांगतात.

यातलं एक निमित्त मधे काढूनच घेतलं गेलं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू व्हायला 2021 चा डिसेंबर लागला. मधली साडेसात वर्षं पट नव्हता, पण नाटक होतं. पट थांबला तरी धान दर वर्षी कापलंच जात होतं, मुली माहेरी येतच होत्या. हंगाम खरंच मोडला तो फक्त कोरोनात, कारण तेव्हा माणसांनी एकत्र बसण्यावरच बंदी होती.

आमच्याकडचं नाटक

आता नदीच्या अल्याड. वऱ्हाडात नाटक नव्हतं असं नाही. उलट आमच्याकडे ते जास्त थाटात आलं.

सगळ्यात जुनी गोष्ट वाशीम शहराचीच. हे म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या सर्वसेन राजानं प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. इसवी सन 900 च्या सुमाराला होऊन गेलेल्या राजशेखरानं तर कमाल केली. 'काव्यमीमांसे'त त्यानं काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लावून दिलं. ज्या गावात मी एमएच-सीईटीचा क्लास लावला, तिथं साहित्याचं लग्न लागलं होतं! याच राजशेखराचं 'कर्पूरमंजरी' हे अख्खं प्राकृतातलं विनोदी अंगाचं नाटक, आणि त्यात 'वच्छोमी' या भाषारीतीचा उल्लेख आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची. आमच्या गावावरून शैलीला नाव पडलं होतं. पण ती कला दरबाराच्या अंगणात वाढलेली. पाचव्या शतकाच्या अखेरीला वाकाटक गेले आणि 'हरिविजय'सुद्धा हरवलं. नंतरच्या ग्रंथांनी दिलेल्या उताऱ्यांपुरतं ते उरलं आहे.

दुसऱ्यांदा नाटक आलं ते आगगाडीनं. 1867 पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि कापसाच्या मागोमाग वऱ्हाडात पैसा आला. पैसा दिसला तशा पुण्या-मुंबईच्या नाटक कंपन्याही अमरावती, अकोला, खामगावला मुक्काम टाकू लागल्या. 1880 मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं संगीत नाटकानं गाजवली. आमच्या मोठ्या गावांना तयार, कसलेलं नाटक घरपोच मिळालं. पण आपण गिऱ्हाईक झालो. 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला, एकेक कंपनी बसत गेली, आणि गिऱ्हाईक नाट्यगृहातून उठून त्याच पैशात टॉकीजमध्ये जाऊन बसलं. आज रंगभूमीवर आमच्या मुलखाचं नाव कुठं ऐकू येत असेल तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये, आणि तिथलं वऱ्हाड लग्नाचं आहे, आमचं नाही.

तिसरं नाटक खेड्यांचं. आजोबांच्या मंडळीचं. त्याला ना राजा होता ना रेल्वे. गावातल्याच एका मास्तरांनी नाटक लिहिलं होतं, तालमी मारुतीच्या पारावर व्हायच्या, उजेड पेट्रोमॅक्सचा. दरबारी नाटकाला दरबारानं मारलं, कंपनीच्या नाटकाला बोलपटानं. यांना कुणी मारलं? मी परतताना हेच ठरवून आलो होतो की टीव्हीनं. 1987 मध्ये 'रामायण' लागलं आणि संपलं.

रातची लाइन

परतीच्या वाटेवर गावी थांबलो. बाबांना सगळं सांगितलं : बांधी, उतार, काकू, वाघ. म्हटलं, आपणही डिसेंबर-जानेवारीत असंच करू. सभागृह कशाला, शेतात मंडप टाकू.

बाबा जेवत होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "सभागृह बांधा नाहीतर राजवाडा बांधा. डिसेंबरात पाहाले मानूस आनसान कुठून? रातच्याले लाइन राह्यते. हरभऱ्याले पानी कोन देईन?"

रात्री साडेअकराला ते बॅटरी, काठी आणि मफलर घेऊन निघालेच. मोटारीची थ्री-फेज लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. मी सोबत गेलो. चहूबाजूंच्या शेतांत बॅटऱ्या हलत होत्या. ज्यांनी नाटकाच्या सतरंजीवर बसायला हवं होतं, ते सगळे इथं होते. प्रत्येकजण आपापल्या वावरात, एकटा, पाण्याची बारी बदलत.

बांधावर बसून बाबांनी हिशेब सांगितला, आणि माझा टीव्हीचा सिद्धांत कोसळला. त्यांच्या लहानपणी वावरात ज्वारी, कापूस आणि तूर. विहिरी थोड्या, मोटारी त्याहून थोड्या. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं. ऑक्टोबरात ते निघतं आणि लगेच त्याच रानात हरभरा पडतो. विहिरी वाढल्या, बोअर झाले. दोन पिकं आली, दोन पैसे आले. आमच्या घरातलं पहिलं इंजिनिअरिंगचं शिक्षण त्याच हरभऱ्यावर झालं. म्हणजे ज्या कारणानं गावाची हिवाळ्यातली रात्र गेली, त्याच कारणानं मी पुण्यात आहे. कुणाला दोष देणार?

"पन तुमचं नाटक तर डिसेंबरात नव्हतंच ना?" मी विचारलं.

"काहून राहीन? हनमान जयंतीले राहे."

चैत्र. हरभरा, गहू घरात आलेला, पेरणी लांब, उघड्यावर झोपण्याजोगी हवा. आमच्या मातीचा रिकामा काळ हिवाळ्यात नाहीच, तो चैत्रात आहे. आजोबांच्या मंडळीला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि 'मालविकाग्निमित्र'च्या सुरुवातीला सूत्रधार सांगतो तेही हेच, की हे नाटक वसंतोत्सवात करायचं आहे. भवभूतीची तिन्ही नाटकं तर प्रस्तावनेनुसार कालप्रियनाथाच्या यात्रेला जमलेल्या लोकांसाठी. जुन्या नाटकांत नांदीनंतर आधी प्रसंग सांगितला जातो, कथा मागून येते. हंगाम आधी, नाटक नंतर.

मग चैत्रातलं तरी का थांबलं? बाबांनी खांदे उडवले. रोजगारासाठी पोरं उन्हाळ्यात बाहेर जायला लागली. पेटीवाला गेला. पेटीवाला म्हणजे आजोबा. त्यांच्यानंतर कुणी शिकलं नाही. एक वर्ष खाडा पडला, मग दुसरं.

ग्रुपवर

त्या आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं : सभागृहाला नाही, हनुमान जयंतीच्या नाटकाला अकरा हजार देतो, तीन वर्षं, दर वर्षी.

नऊ अंगठे आले. एकानं लिहिलं, तेव्हा आयपीएल असतं. सभागृहासाठी धावपळ करणाऱ्या काकांनी लिहिलं, "पुण्यात बसून सांगणं सोपं असते." यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं होतं. झाडीपट्टीत मंडळाचा तोटा मंडळाला बसतो. माझ्या अकरा हजारांत माझं काय बुडणार होतं? दोन दिवसांनी मी हनुमान जयंतीच्या आधीच्या तीन आठवड्यांसाठी गावातून काम करायची परवानगी मागितली. मॅनेजरनं कारण विचारलं. म्हटलं, तालीम आहे.

बाबांनी माळ्यावरून पडद्याबरोबर एक वही काढली. त्यांची नक्कल. जुन्या मंडळ्यांत अख्खं नाटक कुणाच्याच हातात नसे. प्रत्येकाच्या नकलेत फक्त त्याची भाषणं, आणि समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, तेवढे ऐकले की आपण सुरू व्हायचं. मास्तरांची मूळ प्रत केव्हाच हरवली. बाबांच्या वहीत नायकाची बहीण रडते, चिडते, प्रश्न विचारते, पण तिला कोण काय म्हणालं ते नाही.

बाकीची भाषणं गावातल्या आणखी सात घरांत असायला हवीत, असलीच तर. बाबा रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन विचारतात. आतापर्यंत खलनायक सापडला आहे. विनोदी नोकराची वही एका घरी पेटीच्या तळाशी होती, पहिली चार पानं नाहीत. नायकाचा मुलगा नागपूरला असतो, त्यानं शोधतो म्हटलंय.